सक्तीचा रकाना

एके काळी नऊ उपकेंद्रांत माझं नाव निघायचं, आणि चांगल्या अर्थानं निघायचं. आधी मी हे फुशारकीनं सांगायचो. आता सांगतो ते सांगितल्याशिवाय राहवत नाही म्हणून.

मी कंप्युटर दुरुस्त करणारा माणूस. म्हणजे तेव्हा होतो. एका ठेकेदाराकडं कंत्राटावर होतो आणि जिल्ह्यातल्या गावोगावच्या आरोग्य उपकेंद्रांमधले कंप्युटर, प्रिंटर, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, फुगलेल्या बॅटऱ्या असं सगळं माझ्या गळ्यात होतं. सकाळी धाराशिवहून मोटरसायकलला किक मारायची. पाठीवर सॅक, सॅकमध्ये स्क्रूड्रायव्हर, चार पेनड्राइव्ह आणि भाकरीचा डबा. आज वाशीकडं, उद्या येडशीच्या पलीकडं, परवा जळकोटच्या पुढं. निम्मे फोन एकाच जातीचे. "दादा, कंप्युटर चालूच होईना." मी विचारायचो, "मागचं बटन दाबलं का?" तर म्हणणार, "मागं बी बटन असतंय व्हय?" माझं डोकंच फिरायचं. माझा स्वभाव तापट आहे. माझ्या हातनं फुटलेले दोन कीबोर्ड त्याची साक्ष देतील.

पण एक होतं, कुणी रडायला लागलं की माझा राग पळून जायचा. सगळं तिथंच चुकलं.

एका उपकेंद्राची गोष्ट आहे. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या सिस्टर अजून तिथंच आहेत आणि बाई सोन्यासारखी आहे. तीन गावांच्या गरोदर बायका, लेकरांची इंजेक्शनं, कुणाचा ताप, कुणाची जखम, सगळं एकटीच्या अंगावर. मी प्रिंटर बघायला गेलो तर त्या टेबलाशी डोळ्याला पदर लावून बसलेल्या. आदल्या दिवशीच्या मीटिंगमध्ये साहेबांनी सगळ्यांसमोर फैलावर घेतलं होतं, तुमच्याच नोंदी अपुऱ्या का म्हणून.

भानगड साधी होती. गरोदर बाईची दर महिन्याची नोंद कंप्युटरवर भरायची. वजन, रक्तदाब, दिलेल्या गोळ्या, आणि रक्त किती आहे त्याचा, म्हणजे हिमोग्लोबिनचा, आकडा. हा रक्ताचा रकाना सक्तीचा. तो रिकामा राहिला की पडद्यावर लाल अक्षरं यायची आणि ती अख्खी नोंद तिथंच अडायची. आणि रक्त तपासायच्या यंत्राला लागतात त्या पट्ट्या दोन महिन्यांपासून आलेल्याच नव्हत्या.

"बोटातलं रक्त काढून मी काय चाटून बघू का, किती हाय म्हणून?" सिस्टर म्हणाल्या. "अन् मनचा आकडा म्या लिवणार न्हाय. खोटं लिवायचं माझ्यानं हुत न्हाय. तुमीच कायतरी करा दादा."

मी खुर्ची ओढली. अर्ध्या तासात एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला. त्यांच्या एक्सेलच्या तक्त्यात रक्ताचा रकाना रिकामा राहिला, तर त्या बाईचा मागच्या महिन्याचा आकडा आपोआप तिथं येईल. माणसाला काही लिहायलाच नको. सिस्टरना खोटं लिहायचं नव्हतं, म्हणून त्यांच्या वतीनं मी मशीनला खोटं लिहायला शिकवलं. हे मला त्या दिवशी दिसलं नाही. मला दिसली ती फक्त माझी हुशारी.

"आणि पहिल्यांदाच आलेल्या बाईचं काय?" मीच विचारलं. "तिचा मागचा आकडा कुठून आणायचा?"

सिस्टरनी जरा विचार केला. "अकरा टाका," त्या म्हणाल्या. "अकरा असलं की काळजी नसती. अकराला कुणी इचारीत न्हाय. अन् शुभ बी हाय."

शुभ तर आहेच. आपल्याकडं नारळ ठेवायचे तर अकरा, प्रदक्षिणा घालायच्या तर अकरा. मीही हसत हसत अकरा टाकला. लाल अक्षरं गेली, अडकलेल्या सगळ्या नोंदी सुळकन पुढं सरकल्या. सिस्टरनी मला बळंच चहा आणि घरचा चिवडा खायला घातला. "पट्ट्या आल्या की खरं भरू," त्या म्हणाल्या. "पट्ट्या आल्या की मी येऊन हे काढून टाकतो," मी म्हणालो. दोघंही मनापासून बोललो होतो.

पुढच्या मीटिंगमध्ये त्यांच्या नोंदी सगळ्यात पूर्ण निघाल्या. मग काय विचारता! बाकीच्या सिस्टरांचे फोन. "दादा, तुमची ती जादू आमच्याकडं बी करा की." मी पेनड्राइव्ह घेऊन फिरलो. नऊ ठिकाणी ती जादू बसवली. पट्ट्या मधूनमधून यायच्या, संपायच्या, पुन्हा यायच्या. काढून टाकायला मी एकाही ठिकाणी गेलो नाही.

त्यानंतर माझं आयुष्यच दुसरीकडं वळलं, आणि तेही एका प्रिंटरपायी. धाराशिवात एक निवृत्त प्राध्यापक मॅडम राहतात. संख्याशास्त्र शिकवायच्या. आता घराच्या वरच्या मजल्यावर चार माणसं घेऊन आरोग्याच्या, शेतीच्या आकड्यांचा अभ्यास करून देतात. त्यांचा प्रिंटर बघायला गेलो होतो. नेहमीची बडबड चालली होती माझी, की वाशीकडचे प्रिंटर लवकर मरतात, तिथं विजेचा दाब खालीवर होतो, इकडचे टिकतात.

"हे तुम्ही मोजलंय?" मॅडमनी विचारलं.

"मोजायचं काय त्यात? डोक्यात आहे सगळं."

"लिहून आणा."

मला राग आला. तरी त्या रागातच जुन्या डायऱ्या उपसून मी सगळं लिहून नेलं. मॅडमनी ते कंप्युटरवर घातलं, दोन ओळी लिहिल्या, आणि पडद्यावर एक चित्र उमटलं. माझी तीन-चार वर्षांची वणवण एका चित्रात. आणि माझं म्हणणं निम्मं चूक होतं! वाशीचे प्रिंटर विजेनं मरत नव्हते, जुनेच होते ते. मी त्या चित्राकडं बघतच राहिलो. इतकी वर्षं मी मशीन उघडून आत बघत होतो. मशीनमधून जे वाहतं ते कधी बघितलंच नव्हतं.

तिथून वेड लागलं. चाळिशी जवळ आलेली, टेबलाखाली वाकून वाकून कंबर गेलेली, आणि मी पहाटे उठून सरासरी म्हणजे काय, विचलन म्हणजे काय ते शिकायला बसलो. आकडेमोडीची म्हणून एक वेगळी संगणकभाषा असते, ती शिकलो. आई म्हणाली, "चांगलं चालल्यालं काम सोडून आता हे काय काढलंस?" चौकातल्या टपरीवरच्या दोस्तांनी तर उच्छाद मांडला. "आकड्याचा धंदा सुरू केला म्हणं! आज मटक्यात ओपनला काय येतंय सांग की!" दोन वर्षं घासल्यावर मॅडमनी मला कामावर घेतलं.

पहिले सहा महिने नुसती झाडलोट. आलेल्या आकड्यांमधला कचरा काढायचा. जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हापासून निम्म्या नोंदी उस्मानाबादच्या आणि निम्म्या धाराशिवच्या, म्हणजे तक्त्यात चक्क दोन जिल्हे. एका आज्जींचं वय सातशे. मॅडम माझ्या मागं उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "चुकीच्या आकड्याला घाबरू नका. तो दिसतो तरी. जो आकडा एकदम शहाण्यासारखा बसलाय ना, त्याच्याकडं दोनदा बघा." मी मान हलवायचो. वहीतही लिहून ठेवलं होतं.

त्याच हिवाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीचं डोहाळजेवण झालं. ती दिलीय जळकोटच्या पुढं, हायवे सोडून आत एका गावात. पहिलंच बाळंतपण, सातवा महिना. आम्ही सगळे गेलो. हिरवी साडी, अंगभर फुलांचे दागिने, झोपाळा सजवलेला. बायकांनी दोन झाकलेल्या वाट्या पुढं केल्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. तिनं बर्फीची उघडली तर एकच गलका, मुलगी होणार, मुलगी! ती हसली. हसताना मला तिचे ओठ फिकट दिसले. मला वाटलं, पावडर जास्त झाली असेल.

झोपाळ्यावरून उठून ओट्याच्या दोन पायऱ्या उतरताना तिला धाप लागली. चुलत्या म्हणाल्या, पोट मोठं आहे. तिच्या मुठीत काहीतरी होतं. मी मूठ उघडली तर पाटीवरची पेन्सिल, अर्धी खाल्लेली.

"अगं, शाळेत जायलीस का पुन्हा?"

"दादा, लई गोड लागतंय रे. थांबवतच न्हाय." ती लाजली. "ह्यांनी डबाच आणून ठिवलाय."

"आता पोरगी शिकूनच बाहेर यायली बघा," तिची सासू म्हणाली, आणि आम्ही सगळे खो खो हसलो. मी सगळ्यात मोठ्यानं हसलो.

मग मी मोठ्या भावाच्या तोऱ्यात विचारलं, "तपासण्या वेळेवर चालल्यात ना?" दाजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, आतून कार्ड आणून दाखवलं. "तुमीच म्हणला हुता ना, तिथलं उपकेंद्र चांगलं हाय, तिथंच दाखवा म्हणून. सगळं बेस हाय. रक्त बघा, अकरा." पाचव्या महिन्यात अकरा, सहाव्यात अकरा, सातव्यात अकरा. माझ्या डोळ्यांसमोर होतं ते. मी म्हणालो, "वा!" आणि कार्ड परत दिलं. हे लिहिताना आजही माझे कान गरम होतात. आकड्यांकडं दोनदा बघायचा पगार घेणारा माणूस मी, आणि बहिणीच्या कार्डाकडं मी एकदाच बघितलं.

परतीच्या वाटेवर बायको म्हणाली, "वन्सं लई पांढऱ्या दिसत होत्या." मी म्हणालो, "दगदग झाली असेल आज."

तीन आठवड्यांनी मॅडमनी मला पहिलं खरं काम दिलं. जिल्ह्यातल्या गरोदर बायकांच्या नोंदी. नावं काढून टाकलेली, नुसते नंबर. गरोदरपणात रक्त कसं कमीजास्त होतं आणि कुठल्या भागात जास्त लक्ष द्यायला हवं, ते शोधायचं. मी आधी एक साधी गोष्ट केली. प्रत्येक बाईचा या महिन्याचा आकडा वजा मागच्या महिन्याचा, आणि त्याचं चित्र काढलं. बाईचं रक्त म्हणजे काही भिंतीवरचा खिळा नाही, थोडंफार हलणारच. त्यामुळं मधे उंच आणि दोन्हीकडं उतरता असा उंचवटा दिसायला हवा होता.

पडद्यावर उंचवट्याच्या मधून एक काठी उभी राहिली. बरोबर शून्यावर, सरळ, माळावरच्या विजेच्या खांबासारखी. हजारो बायकांत ज्यांचा आकडा महिनोन् महिने जरासुद्धा हललेला नाही, अशांचा एक अख्खा गठ्ठा.

मॅडम मागं येऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "बायका इतक्या स्थिर नसतात. हे कुणीतरी सोपं करून दिलंय. कुठून येतंय ते शोधा."

मी केंद्रांप्रमाणं फोड केली. केंद्रांनाही नावं नव्हती, नंबरच होते, पण तालुका दिसत होता. तो गठ्ठा नऊ केंद्रांत होता. आणि त्या नऊही ठिकाणी सगळ्यात जास्त वेळा आलेला आकडा एकच होता. अकरा.

स्वतःचं अक्षर माणूस कुठंही ओळखतो. मी इतकी वर्षं लोकांना हिणवत होतो की तुम्हाला साधं बटन कळत नाही, आणि इथं माझं बटन तीन वर्षं दाबलेलंच राहिलं होतं.

"सापडलं का काही?" संध्याकाळी मॅडमनी विचारलं.

"बघतोय," मी म्हणालो.

खोटं बोललो. दोन दिवस खोटं बोललो. मला काय वाटत होतं ते सांगतो, लपवत नाही. मला त्या बायकांचं काही वाटत नव्हतं. माझी नोकरी जाईल, दोस्त हसतील, मॅडम मला जिन्यावरून खाली घालवतील, एवढंच वाटत होतं. त्या बायका माझ्या लेखी नंबर होत्या. तिसऱ्या दिवशी दुपारी डबा खाताना आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली आणि म्हणाली, "तुझ्या बहिणीनं पेन्सिलीचा दुसरा डबा संपवला म्हणं. येडी! काल न्हाणीत डोळ्यापुढं अंधारी आली अन् बसली खाली."

रक्त कमी झालं की बायकांना खडू-पेन्सिली खाव्याशा वाटतात, हे मी सिस्टरांकडून कितीदा तरी ऐकलं होतं. तिचं कार्ड माझ्या डोळ्यांपुढं आलं. अकरा, अकरा, अकरा.

मॅडमना काही न सांगता मी निघालो. गाडी कशी चालवली ते आठवत नाही. सगळ्या वाटेनं मी एकच घोकत होतो, तिचा आकडा खरा असू दे, कुणीतरी खरंच तपासलेलं असू दे. ती दारातच बसली होती, उन्हात, तरी अंगावर शाल. मी चपलाही न काढता तिच्यासमोर बसलो.

"पाचव्या महिन्यात बोट टोचलं का तुझं? रक्त काढलं का बोटातनं?"

"न्हाय. पट्ट्या नव्हत्या तवा."

"सहाव्यात?"

"तवा बी न्हाय. का रे? कार्डावर आलंय की. कंप्युटरमधनं बघून लिवतात त्या."

"आणि गोळ्या? लाल गोळ्या देतात त्या?"

"त्यानं मळमळतंय दादा. अन् रक्त चांगलंच हाय म्हणल्यावर..." ती ओशाळली. "सोडल्या म्या."

मी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. आत लाली असायला हवी. कागद होता नुसता.

सासू आतून आली. "काय झालं हो? रिपोर्ट तर चांगला हाय की."

"मावशी, तो अकरा तिचा नाही. माझा आहे."

"तुमचा म्हंजे?"

मी ओरडलो, "गाडी काढा!" दाजींवर ओरडलो, सासूवर ओरडलो, बहिणीवरही ओरडलो. आयुष्यभर असाच ओरडत आलो, स्वतःची चूक असली की जास्तच. दाजींनी शेजाऱ्यांची जीप काढली. वाटेत ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, "दादा, मला कायतरी व्हायलंय का?" मी म्हणालो, "काही नाही गं, साधी तपासणी." तिचा हात माझ्या हातात होता. नखं शिंपल्यासारखी पांढरी आणि हात गारठलेला.

शहरातल्या दवाखान्यात तपासणाऱ्या पोरीनं एकदा आकडा बघितला, मग यंत्र बदलून पुन्हा रक्त घेतलं. पाच. डॉक्टरीणबाई ताडकन उठल्या. "आठवा महिना लागलाय! आणि आत्ता आणताय? आज कळा सुरू झाल्या असत्या तर मी काहीच करू शकले नसते." मग कार्ड उघडलं. "अकरा? हे कुणी लिहिलंय?"

दाजी माझ्याकडं बघायला लागले. त्यांना काही कळलं होतं म्हणून नाही, मोठा माणूस उत्तर देईल म्हणून. मी भिंतीकडं बघितलं.

तिला रक्त चढवलं. पहिली पिशवी, दुसरी पिशवी. थेंब थेंब जाताना मी बघत होतो. दुसऱ्या दिवशी तिच्या ओठांना जरासा रंग आला आणि ती म्हणाली, "दादा, आता पेन्सिल नको वाटायली." मी बाहेर व्हरांड्यात जाऊन ढसाढसा रडलो.

तिसऱ्या दिवशी मॅडमसमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. सिस्टर, पट्ट्या, चिवडा, अकरा, पेनड्राइव्ह, बहीण. मला वाटलं होतं, ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि कागद पुढं सरकवला. "नऊ केंद्रांची नावं लिहा." मी लिहिली. "ज्यांचे आकडे तुमच्या प्रोग्रॅमनं भरलेत, त्या सगळ्यांचे नंबर काढा."

ते मला आता येत होतं. चार ओळी लिहिल्या आणि यादी आली. पडद्यावर मावेना. त्यातला एक नंबर माझ्या बहिणीचा होता, पण कुठला ते मला कळत नव्हतं. मी यादी खालीवर करत राहिलो.

"तुमच्या बहिणीला तुम्ही ओळखत होता," मॅडम म्हणाल्या. "म्हणून गेलात." तेवढंही मला सहन होत नव्हतं.

मॅडमनी वरच्या साहेबांना पत्र लिहिलं, माझं नाव घालून, काही न झाकता. पट्ट्यांची तात्पुरती सोय झाली. यादी घेऊन केंद्राकेंद्रावर जायचं, नंबरावरून बाई शोधायची, खरी तपासणी करायची आणि तो प्रोग्रॅम काढून टाकायचा. मी म्हणालो, मीच जातो. पुन्हा तीच गाडी, तेच रस्ते, पण पेनड्राइव्ह रिकामा. एकेका केंद्रावर बायका ओळीनं बसायच्या आणि बोट पुढं करायच्या. यंत्रावर आकडा उमटायच्या आधीचे ते थोडेसे क्षण मला अजून स्वप्नात दिसतात. कुणाचा खरंच अकरा निघायचा आणि मी देवाला हात जोडायचो. कुणाचा सात, कुणाचा सहा. त्यांना अॅम्ब्युलन्समध्ये घालून दवाखान्यात न्यायचं. आठ केंद्रं झाली. जिथं सगळं सुरू झालं ते मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

सिस्टर मला बघून दारापर्यंत आल्या. "या या दादा! मोठे साहेब झालात म्हणं!" चहा आला, चिवडा आला. मी बशी बाजूला सारली. मी सगळं सांगितलं तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. मग त्या उठल्या. रजिस्टर काढलं आणि आम्ही नंबर जुळवायला बसलो. मी नंबर वाचायचा, त्यांनी बोट फिरवून बाई सांगायची. ही माहेरी गेली. ही बाळंत झाली, पोरगा हाय. ही आज येणार हाय.

एका नंबरावर त्यांचं बोट थांबलं.

"काय झालं सिस्टर?"

"ही गेली की दादा." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "बाळंतपणातच. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात. रक्त लई गेलं म्हणले. शहरात न्यायलालते, वाटंतच..."

तिचं रक्त आधी किती होतं, ते आता कुणालाच कळणार नाही. कदाचित सगळं ठीक असतं तरी ती गेली असती. कदाचित नसती गेली. मॅडम म्हणतात, जे मोजलंच नाही त्याबद्दल आपल्याला काही म्हणता येत नाही. मी कंप्युटरवर तिची ओळ उघडली. पोळ्याच्या आधीचे चार महिने अकरा. त्यानंतरच्या महिन्यात अकरा. त्याच्या पुढच्या महिन्यातही अकरा. दसरा झाला, दिवाळी झाली, ती जाऊन इतके दिवस झाले, आणि माझा प्रोग्रॅम दर महिन्याला इमानेइतबारे तिचं रक्त भरत होता.

"बंद करायची राहूनच गेली बघा तिची नोंद," सिस्टर म्हणाल्या आणि डोळ्याला पदर लावला. अगदी तसाच, त्या दिवसासारखा. या वेळी माझ्याकडं करण्यासारखं काही नव्हतं.

मी प्रोग्रॅम काढून टाकला. मग सिस्टरना विचारून तिच्या ओळीतला पहिला खोटा अकरा पुसला. पुसल्याबरोबर पडद्यावर लाल अक्षरं आली, ही माहिती भरल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.